नवरा ट्रेकला का येत नाही? घ्या, सांगते

"गुडघे का?" "काम जास्त का?" "भांडलात का?" सॅन फ्रान्सिस्को बे एरियातल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधे कोणी ना कोणी विचारतंच, पूर्वी जोडीने यायचात, आता तू एकटीच कशी. तीन वर्षं मी गुडघे सांगत आलेय. त्याचे गुडघे ठणठणीत आहेत, आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन खेळतो. तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहिते.

हवाईतल्या कौआई बेटावरचा तो कालालाऊ ट्रेल तुमच्यातल्या निम्म्यांनी केलाय, त्यामुळे 'ना पाली' किनाऱ्याचे कडे, निळा समुद्र वगैरे सोडून देते. आम्हाला अकरा मैल करायचेच नव्हते, केए बीचवरून दोन मैलांवर हनाकापिआईचा ओढा आणि तिथून दरीत आत अजून दोन मैल धबधबा, बास. ट्रेल जिथून सुरू होतो त्या हाएना पार्कचं बुकिंग मी महिनाभर आधी अलार्म लावून मिळवलेलं, आज नाही जमलं तर उद्या येऊ असं तिथे होत नाही. (हे मी आजही स्वतःच्या बाजूने सांगते.)

शटलमधे हा मोबाईलवरून वाचून दाखवत होता, की 2014 च्या एप्रिलमधे याच ओढ्याला पाणी चढून 121 लोक अडकले, आणि 2018 च्या एप्रिलमधे जवळच वायपा इथे चोवीस तासात 49.69 इंच पाऊस पडला नि पार्क वर्षाहून जास्त बंद होतं. मी म्हटलं, सुट्टीवर आलायस की रिपोर्ट लिहायला?

ओढ्याला पाणी घोट्याएवढं. दरीच्या टोकाला मात्र आभाळ काळं. तो म्हणाला, "नको, वर पडतोय." मी म्हटलं, मी सह्याद्रीत पावसाळे काढलेत, ओढा मला शिकवू नकोस. हे वाक्य मी खरंच बोलले. तो ओढ्याच्या अलीकडच्या काठावर एका दगडावर बसला आणि मी गेले.

धबधबा मी बघितलेलाच नाही. बांबूच्या बनात सर आली, तशीच मागे फिरले, वरचे ओढे कसेबसे ओलांडले आणि खाली येऊन बघते तर पाणी चहाच्या रंगाचं, आणि आतून दगड गडगडल्याचा आवाज. दोन्ही काठांवर माणसं खोळंबलेली. मोबाईलला रेंज नाही, ओरडलेलं ऐकू येत नाही. माझं जॅकेट त्याच्या सॅकमधे, पुऱ्या माझ्या सॅकमधे. तो हाताने खूण करत होता, बस, बस. मी बसले पण, पण मग एक तरुण जोडपं हात धरून कमरेएवढ्या पाण्यातून पार झालं आणि मला वाटलं झालं की, जातं की. थंडीने दात वाजत होते हो. उतरले. तिसऱ्या पावलाला पायाखालचा दगड सरकला, मागच्या कोणीतरी माझी सॅक धरून अक्षरशः मागे ओढलं.

वर आले आणि पलीकडे बघितलं. तो माझ्याकडे पाठ करून उभा होता.

साडेतीन तासांनी पाणी उतरलं. गुडघाभर पाण्यात येऊन त्याने माझा हात धरला. परतीचे दोन मैल लाल चिखलातून, एक शब्द नाही. शटलमधे विचारलं, "पुऱ्या उरल्यात का?" रात्री म्हणाला, "मला बघायचं नव्हतं. परत असं उभं राहणार नाही मी."

आता तुम्ही म्हणाल चूक माझीच. असेल. पण गेले तेव्हा पाणी घोट्याएवढंच होतं आणि इतके लोक जात होते! आणि पाठ करायची? मी वाहून गेले असते तर? तर बघून तरी काय केलं असतं त्याने, हेही कळतं मला. गंमत म्हणजे कॉलेजात असताना राजमाचीच्या वाटेवर नवीन पोरांना मीच दम द्यायचे, ओढा चढला तर रात्रभर बसा पण उतरायचं नाही. ती मुलगी त्या दिवशी कुठे गेली होती कुणास ठाऊक. का ती नुसतंच बोलायची?

रविवारी सकाळी मी निघते तेव्हा तो झोपलेला असतो, किंवा तसं दाखवतो. पाण्याच्या बाटल्या मात्र भरून ठेवलेल्या असतात.

हाएनाच्या पुढच्या महिन्याच्या तारखा मी परत बघतेय. त्याला अजून सांगितलेलं नाही.