दहा रुपयांची नोट

पोळा होऊन आठ दिवस झाले होते आणि पाऊस काही हटायला तयार नव्हता. अशात धरमपेठेतले एक काका ऑटोतून आमच्या बंदुकांच्या दुकानासमोर उतरले. हातात खाकी कॅनव्हासची लांबच लांब खोळ. वडील 94 व्या वर्षी गेले होते आणि रायफलचं लायसन त्यांच्याच नावावर. मालक गेला की वारसाला हत्यार नुसतं घरात ठेवून चालत नाही. ते ठाण्यात जमा करायचं, नाहीतर आमच्यासारख्या परवाना असलेल्या दुकानात. पुढे वारसाच्या अर्जाचं जे होईल ते होईल.

"दोन्ही हातांनी उचला भाऊ, जड आहे," काका म्हणाले.

खरंच जड होती. काट्यावर ठेवली, दुर्बिणीसकट 5 किलो 200 ग्रॅम. अमेरिकन बनावटीची, थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची, अक्रोडाच्या लाकडाचा कुंदा, आणि नळी तोंडापर्यंत जाडच जाड. आपल्याकडे दुरुस्तीला येतात त्या बहुतेक इशापूरच्या सरकारी कारखान्यातल्या, तीनशे पंधरा बोअरच्या रायफली. त्यांच्या नळ्या हिच्यापुढे उसाच्या कांड्या वाटतात. अशी जाड नळी मुळात चांदमारीसाठी, म्हणजे निशाणावरच्या नेमबाजीसाठी असते. ती लवकर तापत नाही, गोळी सुटताना कमी थरथरते, म्हणून लागोपाठ दहा गोळ्या मारल्या तरी भोकं एकमेकांना धरून राहतात. पण चितळ काही दहा गोळ्या मारू देत नाही. एकच, तीही थंड नळीतून. ती कुठे जाते एवढाच शिकारीला प्रश्न, आणि त्यासाठी पाच किलोचं धूड जंगलातून वाहायची गरज नसते, असं माझं मत. नेम धरायची जागा चितळाच्या फऱ्यामागे, म्हणजे पुढच्या खांद्यामागे, आणि ती चांगली वीतभर असते.

"बाबा म्हणायचे, वजन मी उचलतो, चूक ती करत नाही," काका म्हणाले. मग जरा थांबून, "68 साली केली मात्र. म्हणजे बाबांनी केली."

गोष्ट अशी. भिवापूरकडे त्यांची शेती होती. नोव्हेंबर 1968, धान कापणीला आलेलं, चितळं रात्रंदिवस बांधात. तेव्हा वनखात्याकडून परवाना काढून शिकार करता यायची, 1972 चा वन्यजीव कायदा यायचा होता. वडील धुऱ्यावर पालथे झोपले, रायफल पोत्यावर टेकवली. नऊ वर्षांचे काका शेजारी. शंभरेक पावलांवर शिंगाळा नर उभा. गोळी पोटात लागली. अंधार पडेपर्यंत रक्ताचा माग काढला, दुसऱ्या दिवशी गिधाडं दिसली तेव्हा सापडला. वडील म्हणाले, माझा डोळा गेला. वय अडतीस. त्यानंतर लायसन दरवेळी नूतन केलं, रायफल मात्र पुन्हा चालवली नाही.

मी ऐकत ऐकत सवयीने खिशातली दहाची नोट काढली. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये नोट सरकवायची, ही उस्तादांनी पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट. नेमबाजीच्या रायफलीत नळी लाकडाला शिवता कामा नये. नोट चार बोटं गेली आणि अडकली. उजवीकडून थोडी जाई, डावीकडून अजिबात नाही.

खालचे स्क्रू काढून नळी उचलली. कुंद्याच्या खाचेत डाव्या अंगाला काळा, चकचकीत पट्टा, बोटाएवढा लांब. नळीवर त्याच जागी पोलादावरची निळी झिलई उडालेली. लाकूड डावीकडून नळीला रेटत होतं.

"काका, त्या चितळाचं तोंड कुणीकडे होतं?"

"डावीकडे. नाल्याकडे."

इतक्या वर्षांनी एवढं नक्की? तर म्हणाले, "नाल्यात उतरेल म्हणून मी श्वास धरून बसलो होतो, विसरेन कसा?"

डावीकडून रेटा असेल तर गोळी उजवीकडे जाते. तोंड डावीकडे असलेल्या जनावराच्या उजवीकडे त्याचं पोट असतं. नेम फऱ्यामागे, गोळी वीतभर मागे. एवढ्या जाड नळीला लाकूड काय हलवणार, असं लोकांना वाटतं. पातळ नळीइतकं नाही हलवत, पण हलवतं.

खोळीच्या कप्प्यात घडी घातलेले कागद होते, निशाणाचे. शंभर यार्ड, पाच-पाच भोकं, रुपयाच्या नाण्याखाली झाकतील अशी. कोपऱ्यात पेन्सिलीने तारखा : मे 1961, मे 1964, मे 1967, मे 1968. सगळे मे. उन्हाळ्यात गावचा मालगुजारी तलाव आटला की पाळीला निशाण लावायचे, काका म्हणाले. म्हणजे रायफल तपासायची नागपूरच्या उन्हाळ्यात, लाकूड ठणठणीत वाळलेलं असताना, आणि वापरायची चार महिने पाऊस पिऊन फुगल्यावर. मातीच्या घरात, खोळीत पडलेलं लाकूड दिवाळीपर्यंत कुठलं वाळतंय!

आता हे छातीठोक सांगता येत नाही, हे मी काकांना सांगितलं. 68 साली नळी इतकीच घासत होती की नाही कोण सांगणार. दुर्बिणीचा स्क्रू ढिला झाला असेल, हातही हलला असेल.

"पॉलिश पेपरने अर्ध्या तासाचं काम आहे. मोकळी करून देऊ?"

काका बराच वेळ त्या काळ्या पट्ट्यावर अंगठा फिरवत राहिले. "नको. अशीच राहू द्या."

रजिस्टरला नोंद केली, पावती दिली, रायफल कपाटात गेली. मीही विसरलो.

यंदाच्या मे महिन्यात, बाहेर रस्ता भाजत असताना काका आले. लायसनचं अजून लटकलेलंच होतं, त्यांना फक्त बघायची होती. काढून दिली. त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला, मी नोट दिली. त्यांनी ती तोंडाकडून घातली आणि ती न अडकता सरळ चेंबरपर्यंत गेली. परत काढली, परत घातली. डावीकडून, उजवीकडून.

मग नोट तशीच नळीखाली ठेवून त्यांनी खोळीचे पट्टे बांधले. मीही मागितली नाही.