राणीचा पुतळा, हजार गिरणी कामगार आणि एक मणी

मी ध्वनिमालिकांसाठी संशोधन करते. लेखक रात्री सुचेल ते लिहितो आणि सकाळी मी त्याला सांगते की १८९६ साली मुंबईत विजेची ट्राम नव्हती, घोड्याची होती. पैसे बेताचेच मिळतात, पण कामात मजा आहे.

या मालिकेचा आराखडा असा होता: प्लेगची मुंबई, एका समाधीतून चोरलेला मणी, आणि तो ज्याच्या हातात असेल त्याच्या इशाऱ्यावर चालणारी हजार माणसं. तिसऱ्या भागाच्या शेवटी हा जमाव आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर तुटून पडतो. लेखकाने कंसात सूचना लिहिली होती, 'आपण काय करतोय हे कामगारांना कळत नाही.'

हल्ला खरा आहे. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगार त्या हॉस्पिटलवर चालून गेले होते. आजचं चिंचपोकळीचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. २०२० च्या मार्चमध्ये मुंबईतले कोरोनाचे पहिले रुग्ण जिथे ठेवले ते. मणी तेवढा आमचा.

संहितावाचनाला निर्माता, लेखक, दोन नट आणि काचेपलीकडे ध्वनिमुद्रणवाले काका. तो प्रसंग वाचून झाला. नटाने मंत्र छान घोगऱ्या आवाजात म्हटला. निर्माता खूश. तेवढ्यात काकांनी कानावरचे हेडफोन खाली काढले आणि आतल्या माइकवरून विचारलं, "म्हणजे आमचे लोक येडे होते काय?"

कोणी काही बोललं नाही. काका लालबागचे. आजोबा गिरणीत, पणजोबाही गिरणीत.

"काका, ती फँटसी आहे," लेखक म्हणाला.

"असू दे की. पण साहेबाला मणी का नाही बांधला?"

मग निर्मात्याने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, खरं कारण काय होतं? पाच मिनिटांत सांगा."

पाच मिनिटांत होण्यासारखं नव्हतं. सप्टेंबरच्या २३ तारखेला मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोग ओळखला. मूळचे गोव्याचे, महापालिकेचे सभासद. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याची कोठारं. उंदरांना दुसरं काय हवं? ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला: रोगी सापडला की जबरदस्तीने हॉस्पिटलात. चाळीतल्या खोलीतून माणूस उचलायचा, डोलीत घालायचा आणि न्यायचा. तिथे कोण शिवतो, कोणाच्या हातचं पाणी पाजतात, हे घरच्यांना कळायला मार्ग नाही. गेलेल्यांपैकी बहुतेक परत येत नव्हते, कारण प्लेगवर तेव्हा औषधच नव्हतं. वर, मेलेल्याचं प्रेत फाडून तपासतात ही कुणकुण. तीही खोटी नव्हती.

आता पुतळ्याकडे या. दक्षिण मुंबईत एस्प्लनेडवर तारघराजवळ व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बसवलेला होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी पैसे दिलेले, मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने घडवलेला, १८७२ साली अनावरण. त्याच ऑक्टोबरात एका सकाळी लोकांनी पाहिलं तर राणीच्या अंगावर डांबर आणि गळ्यात जोड्यांची माळ. कोणी केलं ते कळेना. (दामोदर चापेकरांनी ते पुढच्या वर्षी, रँडच्या खुनानंतर पकडले गेल्यावर आपण होऊन सांगितलं.) शहरात एकाच महिन्यात राणीची विटंबना आणि माणसं उचलून नेणारं हॉस्पिटल. लोकांनी दोन्ही जोडलं: राणी कोपली आहे, तिने मुंबईकरांची काळजं मागितली आहेत आणि हॉस्पिटलात ती काढली जातात. ही अफवा सरकारी कागदांतही नोंदलेली आहे.

"अरे, मग मणी कशाला?" लेखक उठूनच उभा राहिला. "पुतळाच मंतरलेला करू या!"

मला हीच भीती होती. अफवा खोटीच होती, यात वाद नाही. त्या वॉर्डांत कोणी काळीज काढत नव्हतं, आणि आत आजारी माणसं पडलेली असताना हॉस्पिटलवर चाल करणं हेही भयंकरच. पण कोप, रोग आणि बळी यांचं गणित लोकांच्या घरातलं होतं. पटकी आली की देवीचा कोप समजून गावाबाहेर मरीआईचा गाडा लोटणारी ही माणसं. त्यांनी सरकारचं वागणं आपल्या ओळखीच्या हिशेबात बसवून पाहिलं. साहेबांच्या अहवालांत जमाव कायम अडाणी, पिसाळलेला, कोणीतरी भडकवलेला असतो. आमचा मणी तेच सांगत होता, फक्त पार्श्वसंगीत लावून.

आणि मालिकेत नेमकी राहून गेलेली गोष्ट पुढेच आहे. ऑक्टोबर संपता संपता स्नोसाहेबांनी हुकूम सैल केला. घरी वेगळं ठेवण्याची सोय असेल तर रोगी हलवायचा नाही. भूतदया वगैरे नव्हे. हलालखोर आणि भंगी, म्हणजे शहराचे सफाई कामगार, काम सोडून गावी पळाले तर शहर आठवड्यात सडेल, हे त्यांना कळत होतं. गिरण्यांचंही तेच. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत सव्वाआठ लाखांच्या शहरातून पावणेचार लाखांच्या आसपास माणसं निघून गेलीच. मंतरलेला जमाव हुकूम बदलून घेऊ शकत नाही, त्याला काही मागायचंच नसतं.

काका काचेमागून म्हणाले, "हे टाका की मग."

दुपारी लेखकाला टॅक्सीत घालून भायखळ्याला नेलं. एस्प्लनेडवरून काढलेली राणी आता भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात बसते, आजूबाजूला तिच्यासारखेच पेन्शनीत निघालेले साहेब. नाक तुटलेलं. डांबराचा डाग दिसत नाही. युरोपियन रसायनज्ञ हरल्यावर विल्सन कॉलेजच्या प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी तो काढला होता. लेखक तिच्याभोवती फिरत राहिला. मग म्हणाला, "ताई, गज्जरांना एक प्रसंग द्यायला पाहिजे." मी म्हटलं, "दे. पण मणी काढ."

मणी निघाला नाही. निर्मात्याचं म्हणणं, पोस्टर छापून झालंय. शेवटी तोडगा काकांचाच स्वीकारला: मणी आता एका काल्पनिक इंग्रज अधिकाऱ्याच्या टेबलावर कागद दाबून ठेवायला आहे, आणि तो जवळ असला की साहेबाला खिडकीबाहेरची प्रत्येक माणूसजात पिसाळलेली दिसते. जमावाच्या प्रसंगातला मंत्र गेला. त्याऐवजी एक बाई फाटकावर विचारते, माझा नवरा कुठल्या खाटेवर आहे? तिचा आवाज काकांच्या सूनबाईंनी दिला.

मालिका बरी चालली. गेल्या आठवड्यात निर्मात्याचा फोन आला.

"मॅडम, मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती म्हणे?"

"झाली होती. १८३२, जून. सरकारने भटकी कुत्री मारायला बक्षीस लावलं, फोर्टातले पारशी बिथरले. दुकानं बंद, कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांची रसद अडवली. शेवटी जमशेटजी जीजीभॉय मध्ये पडले."

"वा. आणि कुत्रे? त्यांच्यात काही संचारलेलं वगैरे?"

मी म्हटलं, आधी काकांना विचारून घ्या.