परस सांगेल ती भाजी

दुपारी जेवून हात धुवायला उठलो, तर स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजातून घोसाळ्याचा कोंब आत आलेला. सकाळी नव्हता, किंवा असेल तर कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. टोकाच्या बारीक तंतूने त्याने तेलाच्या बाटलीच्या गळ्याला दोन वेढे दिले होते. "बघा, भाजी आपण होऊन फोडणीला आली," बायको म्हणाली. मी बाटली हळूच सोडवून घेतली आणि कोंबाला बाहेरची वाट दाखवली. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आत. श्रावणातल्या वेलांना सांगून काही उपयोग नसतो.

बाजाराचं तसं नाही. बाजार अदबीने विचारतो, काय देऊ? आणि माणूस तिथेच अडकतो. "आज काय करू?" हा प्रश्न रोज प्रत्येक घरात पडतो आणि "काहीही कर" याहून वाईट उत्तर त्याला नाही. आमच्याकडे जूनपासून फेब्रुवारीपर्यंत हे उत्तर मागच्या दारी तयार असतं. परस विचारत नाही, सांगतं. आज भेंडे. उद्याही भेंडे. परवा पाहुणे येणार आहेत? त्यांनाही भेंडे.

आमचं परस काही मोठं नाही. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या कुठल्याही जुन्या घराच्या मागे असतं तेवढंच. विहीर, चार माड, दोन पोफळी, एक नीरफणस, दगडी गडग्याला टेकलेलं आंबट बिंबलीचं झाड आणि मधे उरेल तेवढ्या तांबड्या मातीत जे जमेल ते. लावलेलं थोडं, आपोआप आलेलं जास्त. आपोआप आलेल्याची सुरुवात तायकिळ्याने होते. मिरगाचा पाऊस पडून जेमतेम आठवडा झाला की गडग्याच्या कडेने तो उगवतो. देशावरची मंडळी त्याला टाकळा म्हणतात. त्याचा वरचा शेंडा तेवढा खुडायचा, पानं कोवळी आणि अजून पुरती उघडलीही नसताना. पुढे तो गुडघ्याएवढा होतो, पिवळी फुलं काढतो आणि मग त्याच्याकडे गुरंही बघत नाहीत. मे महिन्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या ठेचून घालायच्या, वर ओल्या खोबऱ्याचा चव. ही भाजी वर्षातून फार तर तीन-चार वेळा होते, आणि तेवढीच व्हावी. बारमाही मिळाली असती तर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं.

त्यामागोमाग अळू. अळवाबद्दल माझं मत आहे की ते दुसऱ्याने चिरावं. पण आंबाडे धरले की अळवात आंबाडे पडतात आणि मग मत बदलतं.

लहानपणी पावसाळ्यात माझ्याकडे फुलं आणायचं काम असे. तांबड्या भोपळ्याची फुलं. सूर्य वर यायच्या आत जायला लागे, कारण ऊन तापलं की फुलं मिटतात आणि मिटलेल्या फुलात कधी भुंगा अडकलेला असतो. हे मला आजीने सांगितलं नव्हतं, भुंग्याने सांगितलं. डोक्यावर गोणपाटाची खोळ, हातात सूप आणि पायाखाली चिखल. तोडायची ती फक्त बिनफळाची फुलं. देठ लांब, सरळ, पाकळ्यांच्या खाली काही नाही, ते फूल आपलं. पाकळ्यांच्या खाली बोराएवढा हिरवा गोळा असेल तर ते वेलाचं, त्याला हात लावायचा नाही. आणि बिनफळाची म्हणून सगळीच तोडायची नाहीत, काही ठेवायची, नाहीतर गोळ्याचा भोपळा व्हायचा कसा? हे शास्त्र मला शाळेत बऱ्याच वर्षांनी चित्र काढून शिकवलं गेलं, तेव्हा मला ते आधीपासून येत होतं आणि त्याचा अर्थ मात्र पहिल्यांदाच लागला.

सूप घेऊन आत आलो की आजी प्रत्येक फूल उलटं करून बघायची. एकदा ताईने गोळ्यासकट फूल आणलं. आजी रागावली नाही. तिने ते फूल वेगळं काढलं, तो बोराएवढा गोळा विळीवर उभा चिरला आणि आत नखाएवढ्या जागेत दाटीने बसलेल्या पांढऱ्या बिया ताईला दाखवल्या. "ह्यातली एक एक बी म्हणजे एक वेल," एवढंच म्हणाली. मग आतला पिवळा दांडा खुडून फुलं तांदळाच्या पिठात बुडवली, तव्यावर तेल सोडून कुरकुरीत केली. ताईने त्या दिवशी एकही खाल्लं नाही. तिच्या वाटणीची मी खाल्ली. मला तिचं वाईट वाटलं होतं असं लिहिणं शोभलं असतं, पण भजी फार चांगली झाली होती.

भेंड्यांचं सांगायचं राहिलं. गोव्यातले गावठी भेंडे सात शिरांचे, फिकट रंगाचे, हातभर लांब होतात आणि लांब होऊनही कोवळे राहतात, म्हणून बाहेरून आलेला माणूस त्यांना बघून आधी हसतो. तरीही तोडायच्या आधी टोक मोडून बघायचं. कट् असा आवाज आला तर घरात न्यायचं, नुसतंच वाकलं तर राहू द्यायचं, ते बियांसाठी. आणि एक दिवसाआड तरी तोडायलाच लागतात. झाडावर एखादा जून झाला की झाडाला वाटतं, झालं आपलं काम, आणि फुलं यायची मंदावतात. वालीच्या शेंगांचंही तेच, तवशाचं, म्हणजे गावठी काकडीचंही तेच. म्हणजे जितकं काढाल तितकं देतं. हे ऐकायला छान वाटतं, पण याचा व्यवहारातला अर्थ असा की ते थांबतच नाही.

आता माझा एक हट्ट. परसातली भाजी फ्रीजमध्ये ठेवायची नाही. तांबडी भाजी करायची असेल तर आधी कांदा चिरायचा, मिरच्या मोडायच्या, नारळ खवायचा, कढई गॅसवर चढवायची आणि मग मी परसात जाणार. मुळासकट उपटायची, विहिरीवर माती धुवायची आणि पाणी निथळत असतानाच आत आणायची. बायकोचं म्हणणं, सकाळी काढून ठेवली तर काय बिघडतं? बिघडत काही नाही. पण फ्रीजमधून काढूनच खायची तर बाजारातली काय वाईट? तिला हा युक्तिवाद पटलेला नाही. पाऊस कोसळत असताना, कढईत कांदा लाल होत असताना, छत्री सापडत नसताना तर अजिबात पटत नाही. कांदा दोनदा करपलाय. खापर माझ्यावर फुटतं, फुटू दे.

फ्रीज नाही म्हटलं की उरलेल्याचं करायचं काय? वाटायचं. हिवाळ्यात वालीच्या दोन सरी लावल्या तरी घरातल्यांना त्या पुरवून उरतात, आणि उरतात म्हणजे फारच उरतात. मुळे, नवलकोल, तांबडी भाजी, सगळं एकदमच तयार होतं. मग पिशव्या भरायच्या. अडचण अशी की त्याच आठवड्यात सगळ्या वाड्यावर वालीच झालेली असते. आपण वाली घेऊन निघावं तर समोरून कुणीतरी वाली घेऊन येत असतं. नीरफणसाची तर गोष्टच सोडा. आमच्या वाड्यावर नीरफणस घ्या म्हणून कुणी दारात उभं राहिलं तर लोक घरात नसल्यासारखे गप्प बसतात.

शेजारच्या बायशी आमची देवघेव मात्र वर्षानुवर्षं बिनचूक चालते. हळदीची पानं आमच्याकडे. नागपंचमीला आमच्या पातोळ्या होतात, आणि 15 ऑगस्टला तिच्याकडे सायबिणीचं, म्हणजे मेरीमातेचं, फेस्त असतं, त्यांच्याही पातोळ्याच. त्यामुळे हळदीची पानं काढताना मी आपल्यापुरती काढतो आणि मोठी, न फाटलेली तिच्यासाठी ठेवतो. फेस्ताच्या दिवशी संध्याकाळी ताट येतं. तांदळाचं पीठ तेच, गूळ-खोबरं तेच, पान तर आमच्याच परसातलं, आणि तरी तिच्या पातोळ्या वेगळ्या लागतात. बायको म्हणते, वेगळ्या नाही, चांगल्या लागतात. ताट रिकामं परत करायचं नसतं, म्हणून त्यात बिंबली जाते. बिंबलीचं लोणचं होऊन परत येतं. त्या बाटलीतून पुढे काय जातं हे मी विसरलो, पण काहीतरी जातंच.

2020 च्या मार्चअखेरीस सगळं बंद झालं, बेळगावहून भाजीचे ट्रक येईनात, तेव्हा गोव्याला एकदम आठवलं की आपल्या ताटातली बरीचशी भाजी घाट उतरून येते. एरवीही पावसाळ्यात घाटात दरड कोसळली की टोमॅटोचा भाव विचारवत नाही. त्या दिवसांत वाड्यावर लोक लांब उभे राहून गडग्यावर पिशव्या ठेवत. कच्चा फणस, शेवग्याचा पाला, केळफूल, कच्ची केळी. ज्यांनी परसात सिमेंटच्या लाद्या बसवून घेतल्या होत्या त्यांना आम्ही मुकाट्याने जास्त दिलं. पुढे बाजार सुरळीत झाला आणि आणखी दोन घरांनी लाद्या बसवून घेतल्या. चिखल होत नाही म्हणतात. खरंच होत नाही.

उन्हाळ्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. विहीर तळाला जाते, कोथिंबीर हाताएवढी व्हायच्या आत फुलावर येते, पुदिना तेवढा नळाखालच्या ओलीत तग धरतो. कोथिंबीर पावसात कुजते आणि उन्हात पळते, मधले थंडीचे दोन महिने ती आपली असते. मे महिन्यात पिकलेली भिरंडं, म्हणजे कोकमं, फोडून सोलं वाळत घालायची आणि अवकाळी ढग आले की घरातल्या प्रत्येकाने धावायचं. बस्स.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी अजून जातो, ते बियांसाठी. तिथे खेड्यांतून आलेल्या बायका जमिनीवर वांटे मांडून बसतात. पाच वांगी, मूठभर मिरच्या, दोन तवशी. मला हवं होतं ते आजीच्या तवशाचं बी. आमच्याकडे दर पावसाळ्यात पहिलं चांगलं तवसं आजी निवडायची आणि त्याच्या देठाला तांबडा धागा बांधायची. धागा बांधलेल्याला हात लावायची कुणाची टाप नव्हती. चवथीला गणपतीवरच्या माटोळीला टांगायलाही ते नाही, बाकीची टांगा. ते वेलावरच पिकायचं, पिवळं होऊन मग तपकिरी, सालीवर भेगांची जाळी. मग आजी ते चिरून बिया राखेत चोळायची, शेणाच्या गोळ्यात घालून स्वयंपाकघराच्या भिंतीला थापायची. वर्षभर त्या थापीला चुलीचा धूर लागे, किडा फिरकत नसे. मिरगाला गोळा भिंतीवरून खरवडून काढला की बी तयार. पुढे भिंतीला गिलावा झाला, रंग झाला, चुलीच्या जागी गॅस आला. आजी गेली त्या वर्षी धागा बांधायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. पाकिटातल्या संकरित बियांचं तवसं सरळसोट आणि गोड लागतं, पण त्याचंच बी धरून लावलं की पुढच्या वर्षी काय उगवेल याचा नेम नाही.

बाजारातल्या एका बाईने पिकलेलं तवसं पुढे केलं. "हें आमच्या घरचें," म्हणाली. सालीवर जाळी होती. मी ते घेतलं, बी धरलं, मिरगाला लावलं. वेल चांगला धरला. पहिलं तवसं चिरलं तेव्हा देठाकडे किंचित कडू लागलं आणि मला वाटलं, हेच ते. पण एवढ्या वर्षांनी जिभेवर किती भरवसा ठेवायचा? तवशी पुष्कळदा देठाकडे कडू लागतात. तरी मी वेलावरचं दुसरं मोठं तवसं हेरलं, देवाच्या कपाटातला तांबडा धागा आणून बांधला आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवलं.

चवथीनंतर ते मस्त पिवळं झालं. मी पणजीला एका लग्नाला गेलो होतो, संध्याकाळी परत आलो तर घरभर गुळाचा वास. बायकोच्या माहेरची माणसं आयत्या वेळी आली होती आणि पिकलेलं तवसं तेवढं एकच होतं. तवसं किसून केलेल्या गोड तवसळीचा मोठा तुकडा तिने माझ्यासाठी झाकून ठेवला होता. ताटलीशेजारी तांबडा धागा नीट गुंडाळून ठेवलेला.

"बिया?" मी विचारलं.

"बिया किसण्याआधी काढल्या, उंबऱ्यावर वाळत घातल्या. कोंबड्यांनी खाल्ल्या," ती म्हणाली. "वेलावर अजून एक आहे. त्याला बांधा."

तवसळी चांगली झाली होती. आणखी एक तुकडा मागून घेतला.