यार्डात हरवणाऱ्या गाड्या आणि आरएफआयडी टॅग: माझा अनुभव

चाकणजवळच्या एका स्टॉकयार्डात मी डिस्पॅचचे काम पाहतो. कारखान्यातून आलेल्या नव्या गाड्या येथे उभ्या राहतात आणि डीलरच्या मागणीप्रमाणे ट्रेलरवर चढतात. एकाच रंगाच्या शेकडो गाड्यांतून हवी ती हुडकायची, तर आमची मुले काचेवरची धूळ फडक्याने पुसत, डॅशबोर्डाच्या कोपऱ्यातला 17 आकडी-अक्षरी चासी नंबर वाचत रांगेमागून रांग पालथी घालत. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे मुद्दामच नसतात, कारण ती एक व शून्यासारखी दिसतात. तरीही 8 आणि बी यांची गफलत व्हायचीच. अशाच गफलतीने चुकीची गाडी नागपूरला गेली आणि पाडव्याचा मुहूर्त धरून आलेले कुटुंब शोरूममधून तसेच परतले. ते माझ्या मनाला फार लागले.

त्यानंतर प्रत्येक गाडीच्या आतल्या आरशाला आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणारी ओळखपट्टी, अडकवायचे ठरले. या टॅगला बॅटरी नसते. तो वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे रीडरच्या, लहरींतून मिळणाऱ्या ऊर्जेवरच तो आपला क्रमांक कळवतो.

खरा त्रास गेटवर बसवलेल्या रीडरचा झाला. ट्रेलर बाहेर पडताना शेजारच्या रांगेतल्या उभ्या गाड्याही गेल्याची नोंद होई, कारण पत्र्यावर आपटून लहरी भलतीकडे पोहोचत. शिवाय फास्टॅगही याच 865 ते 867 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालत असल्याने ट्रेलरच्या काचेवरचा क्रमांक आमच्या यादीत घुसे. रीडरची ताकद वाढवा, असा सल्ला मिळाला होता. आम्ही ती उलट कमी केली, अँटेना खाली झुकवले आणि जवळची रांग मागे घेतली. गेटच्या आतल्या व बाहेरच्या अँटेनांनी त्याच क्रमाने वाचलेली गाडीच बाहेर गेली असे धरायचे आणि अनोळखी क्रमांक गाळायचे, असेही ठरवले. तेव्हा कुठे यादी आणि ट्रेलरवरच्या गाड्या जुळू लागल्या.

ट्रेलरवरच्या जीपीएसमुळे डीलरला गाडी कुठवर आली ते कळते. यार्डातली जागा मात्र टॅग आपणहून सांगत नाही; गाडी लावणाऱ्या ड्रायव्हरने हातातल्या रीडरने आधी त्या जागेच्या खांबावरचा आणि मग गाडीचा टॅग वाचायचा असतो. बॅटरी उतरलेली गाडी ढकलत दुसरीकडे नेली, की ही नोंद अजूनही राहून जाते, म्हणून रात्रपाळी सुरू होण्यापूर्वी मी स्वतः रीडर घेऊन सगळ्या रांगांतून एक फेरी मारतो.