पाण्याचा हिशोब लागेना

रात्रपाळी होती. रिअ‍ॅक्टरमध्ये आयसोअमाइल ॲसिटेटची बॅच, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारं, केळ्याचा वास देणारं एस्टर. हा वास अंगाला इतका चिकटतो की घरी पोचलो की पोरगी पिशवीत केळी शोधते.

दोन वाजता लॅबने ॲसिड व्हॅल्यू (किती आम्ल अजून उरलंय त्याचा आकडा) सांगितली. तीन वाजता तीच. चार वाजताही तीच. फोनवर मोठे साहेब म्हणाले, "सल्फ्युरिक वाढव."

हो म्हणालो खरा, पण ड्रमपाशी जाऊन थबकलो. एमिल फिशर आणि आर्थर श्पायर यांनी 1895 साली दाखवलं होतं की अशा क्रियेला सल्फ्युरिकसारखं खनिज आम्ल थोडंसंच पुरतं. ते क्रिया लवकर घडवतं, जास्त घडवत नाही. आम्ल आणि अल्कोहोल मोलाला मोल, म्हणजे रेणूला रेणू, घेतलं तर गाडी साधारण दोन तृतीयांशावर अडते, कारण तयार झालेलं पाणी एस्टरला परत फोडत राहतं. पुढे जायचं तर अल्कोहोल जादा घ्या, नाहीतर पाणी बाहेर काढा. आम्ही दोन्ही करत होतो. मग अडलं कुठे? (या फिशरला वडिलांनी आधी लाकडाच्या धंद्यात घातलं होतं, तिथे जमलं नाही. 1902 चं नोबेल मिळालं ते साखरा आणि प्युरिनवरच्या कामाला. आमची गाठ मात्र रोज त्याच्या एस्टरशीच.)

लॉगशीट उघडलं. 600 किलो ॲसेटिक ॲसिड, म्हणजे 180 किलो पाणी निघायला हवं. निघालं होतं 140, आणि एक वाजल्यापासून थेंब नाही. पाणी खाली, अल्कोहोल वर असे थर वेगळे करणारं भांडं म्हणजे डीकँटर. तिथल्या काकांना गाठलं.

"काका, डीकँटरचं पाणी कधी सोडलंत?"

"पाणी दिसतंय कुठं सोडायला? काच नितळ आहे बघा."

टॉर्च मारला. नितळ होती, पण दोन थरांमधली रेघच नव्हती. वरपासून खालपर्यंत नुसतं पाणी! खालचा व्हॉल्व्ह चोक झालेला, आणि अल्कोहोल परत जायच्या वाटेने पाणीच रिअ‍ॅक्टरमध्ये उतरत होतं.

स्टीम बंद केली, थंड होऊ दिलं, व्हॉल्व्ह खोलला. आत गॅस्केटचा नखाएवढा तुकडा.

सातला पाळी बदलली तरी मी थांबलो. नऊच्या सॅम्पलला व्हॅल्यू उतरू लागली होती. तेवढ्यात मोठे साहेब आले. "किती सल्फ्युरिक टाकलंस?"

"अजिबात नाही."

त्यांनी ड्रमचं सील वाकून बघितलं आणि काकांना चहा सांगायला लावला.