पहिन्याच्या खाचरांत हळद लागलेले बेडूक

शाळेच्या पुस्तकात सॅलमँडरचे चित्र पाहिल्यापासून पुतण्याने तो प्राणी दाखवण्याचा हट्ट धरला होता. परंतु शेपटीचा हा उभयचर सह्याद्रीत आढळत नाही, त्यासाठी थेट दार्जिलिंगच्या डोंगरांतली तळी गाठावी लागतात. म्हणून त्याचा बिनशेपटीचा नातलग, म्हणजे आपल्याकडचा सर्वांत मोठा बेडूक, ऐन विणीच्या वेळी दाखवावा असे ठरवून आम्ही त्र्यंबक-घोटी रस्त्यावरील पहिने गाठले.

गेल्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन दिवसांनी गेलो होतो आणि फक्त चिखल पाहून परतलो होतो. यंदा रात्रभर पाऊस कोसळला, तेव्हा पहाटेच निघालो. उन्हाळाभर जमिनीखाली ग्रीष्मनिद्रा घेतलेले हे प्राणी खाचरांत पाणी साचताच बाहेर येतात आणि नरांचा मळकट हिरवा रंग अवघ्या काही तासांत लिंबासारखा पिवळा होतो. गाडीतून उतरण्याआधीच त्यांचा आवाज ऐकू आला. घशाच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या पिशव्या फुगवून पंधरा-वीस नर ओरडत होते, एकमेकांच्या अंगावर झेपावत होते आणि घाईत कधी दुसऱ्या नरालाच मिठी मारत होते. माद्या मात्र शेवाळी रंगातच होत्या आणि आकाराने चांगल्या वीतभर होत्या. बांधावर उभे असलेले शेतकरी काका म्हणाले, "उद्या याल तर यांची हळद उतरलेली असेल." ते खरेच आहे, वीण आटोपली की तो रंगही ओसरतो.

खाचरात उतरण्यापूर्वी शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि भाताची रोपे तुडवू नयेत. खरे तर बांधावरूनच सारे दिसते. पायाला जखम असल्यास गमबूट घालावेत, कारण अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते. बेडकाला हात लावू नये: त्याची ओली त्वचा श्वसनात भाग घेते आणि आपल्या हातावरील डासरोधक मलम तिच्यातून आत शिरते. बेडकांमागे दिवड येते. ती बिनविषारी असली तरी चावते.

आठवड्याने पुन्हा गेलो, तेव्हा त्याच डबक्यात भैकेर, म्हणजे बेडकांची शेपटीवाली पिल्ले, दिसले. ते मांसाहारी असतात आणि आपल्याहून लहान भैकेरांनाही खातात. पुतण्याला सॅलमँडरचा विसर पडला तो हे पाहून.

शनिवार-रविवार टाळावेत, कारण धबधब्यांच्या गर्दीने रस्ता तुंबतो. रात्री परतणार असाल तर गाडी अगदी हळू चालवावी. आम्ही एका वळणावर सात बेडूक चिरडलेले मोजले, आणि त्यांतले पाच अजून पिवळेच होते.