एजंट जॉबचं वेळापत्रक सरळ मराठीत: तिसऱ्या टप्प्यापर्यंतची नोंद

हेतू एवढाच की एसक्यूएल सर्व्हर एजंटमधल्या (डेटाबेस सर्व्हरवरची कामं ठरल्या वेळी चालवणारा भाग) प्रत्येक जॉबचं, म्हणजे अशा प्रत्येक कामाचं, एक पान असावं आणि पानाच्या माथ्यावर तो जॉब कधी चालतो हे सांगणारं एक सरळ वाक्य असावं. हे वाक्य एमएसडीबीमधून (एजंटची माहिती ठेवणारा डेटाबेस) आपोआप निघायला हवं. हाताने लिहिलेला तक्ता शेड्यूल बदललं त्याच दिवशी खोटा होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सध्याची स्थिती: वेळेचं वाक्य तयार आहे, स्टेपचा (जॉबमधल्या पायऱ्यांचा) प्रवाह तयार आहे, इतिहासाचा भाग अर्धवट आहे.

कच्चा माल

वेळ आणि स्टेपसाठी लागणारी टेबलं चार: सिसजॉब्ज, सिसजॉबस्टेप्स, सिसशेड्यूल्स आणि जॉबला शेड्यूलशी जोडणारं सिसजॉबशेड्यूल्स. जोडणी लेफ्ट जॉइनने करा, म्हणजे जोडी न सापडलेले जॉबही यादीत राहतात. इनर जॉइन केलं तर शेड्यूल नसलेले जॉब यादीतून गुपचूप गळतात, आणि नेमके तेच जॉब दुसऱ्या जॉबमधून एसपी_स्टार्ट_जॉबने चालवलेले असू शकतात. म्हणून स्टेपच्या मजकुरात हे नाव शोधून ‘याला कोण चालवतं’ अशी ओळ पानावर घातली. एसपी_स्टार्ट_जॉब समोरचा जॉब सुरू करून लगेच परततं, तो संपायची वाट पाहत नाही. त्यामुळे चालवणारा जॉब यशस्वी दिसला तरी चाललेल्या जॉबचं काय झालं ते कळत नाही. पानावर तशी टीप हवीच.

२००५ च्या आवृत्तीपासून शेड्यूल ही स्वतंत्र वस्तू आहे आणि एकच शेड्यूल अनेक जॉबना लावता येतं. एका जॉबची वेळ सरकवायला जावं तर बाकीचेही सरकतात. शेड्यूलच्या नावापुढे ‘आणखी ४ जॉब हेच वापरतात’ असं छापायला लागल्यापासून हा घोळ आधीच दिसतो. जॉब चालू पण शेड्यूल बंद, किंवा त्याच्या उलट, या जोड्याही शब्दांत लिहा. नुसतं ‘एनेबल्ड: १’ फसवं आहे.

आकड्यांचं वाक्य करताना

सिसशेड्यूल्समधल्या फ्रेक_टाइप (शेड्यूलचा प्रकार) या रकान्याचे अर्थ असे: १ एकदाच, ४ दैनिक, ८ साप्ताहिक, १६ महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ३२ महिन्याच्या ठरलेल्या वाराला, ६४ एजंट सुरू होताच, १२८ मशीन रिकामं असताना. इथपर्यंत सोपं आहे. गंमत फ्रेक_इंटरव्हलमध्ये आहे, कारण त्याचा अर्थ प्रकाराप्रमाणे बदलतो. साप्ताहिकात तो बिटमास्क (प्रत्येक वाराला एक आकडा, निवडलेल्यांची बेरीज) असतो: रविवार १, सोमवार २, मंगळवार ४, असं दुप्पट होत शनिवार ६४. म्हणजे ४२ आलं तर सोमवार, बुधवार, शुक्रवार. ६२ म्हणजे सोमवार ते शुक्रवार. प्रकार ३२ मध्ये मात्र तोच रकाना सरळ क्रमांक होतो: १ रविवार ते ७ शनिवार, ८ कोणताही दिवस, ९ कामाचा दिवस, १० सुट्टीचा दिवस. दोन्हींसाठी एकच केस (आकड्यावरून शब्द निवडणारी रचना) वापरली की ४ चा ‘बुधवार’ व्हायच्या जागी ‘मंगळवार’ होतो. चूक एका दिवसाची असल्याने ती महिनोन्‌महिने लपून राहते. कितवा आठवडा हे फ्रेक_रिलेटिव्ह_इंटरव्हल सांगतो: १, २, ४, ८ म्हणजे पहिला ते चौथा, १६ म्हणजे शेवटचा. ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हे वाक्य ३२, ८ आणि १६ अशा तिघांतून तयार होतं.

वेळ पूर्णांकात साठवलेली असते, तास-मिनिट-सेकंद चिकटवून आणि डावीकडची शून्यं गाळून. १३००० म्हणजे ०१:३०:००. ५०० म्हणजे पाच वाजता नव्हे, ००:०५:००. डावीकडून सहा अंकांपर्यंत शून्यं भरा आणि मग कोलन घाला. दिवसभरात पुन्हा पुन्हा चालणाऱ्या जॉबमध्ये शेवटची वेळ सुरुवातीपेक्षा लहान असू शकते: २२०००० ते ६००००. ही चूक नाही, खिडकी मध्यरात्र ओलांडते आहे. वाक्यात ‘२२:०० ते दुसऱ्या दिवशी ०६:००’ असं स्पष्ट लिहा.

मराठीने घातलेले पेच

सर्वांत जास्त वेळ इथे गेला. पहिल्या मसुद्यात ‘दर १ मिनिटांनी’ अशी ओळ येत होती. एकासाठी वेगळी फांदी लागते: दर मिनिटाला, दर तासाला, दोनपासून पुढे दर १५ मिनिटांनी. वारांची यादी जोडताना प्रत्येकाला ‘ई’ लावला की ‘सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी’ होतं. चालतं, पण लांब वाटतं. प्रत्यय फक्त शेवटच्या वाराला द्यायचा: ‘सोमवार, बुधवार व शुक्रवारी’. १२७ आला आणि दर आठवड्याला असेल तर सरळ ‘रोज’. दोन दिवसांच्या अंतरासाठी ‘एक दिवसाआड’ छान बसतं, पण तीनला ‘दोन दिवसांआड’ लिहिलं की वाचणारा बोटं मोजायला लागतो. तिथे ‘दर तिसऱ्या दिवशी’.

खरा सापळा रात्रीचा. बोलताना ‘रविवारी रात्री साडेबारा’ म्हटलं तर आपल्या डोक्यात रविवारची झोपायची वेळ असते. एजंटच्या लेखी ००:३० ला सोमवार लागलेला असतो, आणि मास्कमध्ये २ हवा, १ नव्हे. म्हणून पहाटे, सकाळी, रात्री हे शब्द वाक्यातून काढून टाकले. चोवीस तासांची वेळ, आणि ००:०० ते ०५:५९ मधल्या साप्ताहिक जॉबना कंसात ‘आदल्या रात्रीनंतर’. वाक्य थोडं रुक्ष झालं, पण वाद मिटला.

तांत्रिक बाजूने: क्वेरीत प्रत्येक मराठी शब्दाच्या अवतरणाआधी मोठा एन (हा मजकूर युनिकोड आहे ही खूण) लावा, नाहीतर ‘सोमवार’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. एक एन राहिला तरी तेवढाच तुकडा बिघडतो, त्यामुळे चाचणीत सातही वार आणि सगळे प्रकार येतील असे खोटे शेड्यूल करून ठेवा. लांब नावं लेफ्ट या फंक्शनने कापू नका. जोडाक्षराच्या मधोमध कात्री लागते. फाइल एसक्यूएलसीएमडीने (कमांड लाइनवरून क्वेरी चालवणारं साधन) काढत असाल तर आउटपुटचं कोडपेज ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, द्या. मोठे रकाने मुळात २५६ अक्षरांवर तुटतात. लहान वायच्या पर्यायाला ० दिलं की ते थांबतं.

स्टेपचा प्रवाह

स्टेपची नुसती क्रमवार यादी अपुरी आहे. यश आलं तर काय आणि अपयश आलं तर काय, हे दोन रकाने वाचावे लागतात: १ यश सांगून थांब, २ अपयश सांगून थांब, ३ पुढच्या स्टेपवर जा, ४ अमुक स्टेपवर जा. एसपी_ॲड_जॉबस्टेपमध्ये (जॉबला स्टेप जोडणारी प्रोसिजर) यशाचं मूळ मूल्य १ आहे. स्क्रिप्टने तीन स्टेप घातल्या आणि हा पॅरामीटर विसरला, तर जॉब पहिल्या स्टेपनंतर हसतमुखाने संपतो. सुरुवातीच्या स्टेपपासून बाण धरत जाऊन जिथे पोचता येत नाही तिथे ‘ही स्टेप कधीच चालत नाही’ असं छापतो. उलट प्रकारही असतो: मधली स्टेप अपयशावर ३ ठेवलेली असते आणि शेवटची यशस्वी होते, म्हणून पूर्ण जॉब यशस्वी दिसतो. अशा स्टेपपुढे ‘अपयश गिळते’ ही खूण.

स्टेपचा मजकूर पानावर टाकण्याआधी पासवर्ड झाका. सीएमडीएक्झेक (विंडोजच्या कमांड चालवणाऱ्या) आणि पॉवरशेलच्या स्टेपमध्ये ते उघडे सापडतात.

अर्धवट राहिलेला इतिहास

सिसजॉबहिस्टरीत स्टेप क्रमांक ० ही पूर्ण जॉबची ओळ. रन_ड्युरेशन (धावेला लागलेला वेळ) हाही तसाच चिकटवलेला आकडा, म्हणून थेट सरासरी काढू नका. ५९ सेकंद आणि १ मिनिट हे ५९ आणि १०० असे साठवतात. कच्ची सरासरी ७९.५, खरी ५९.५ सेकंद. आधी सेकंद करा.

दुसरी अडचण जागेची. मूळ मर्यादा एकूण १००० ओळी आणि प्रत्येक जॉबला १००. एका स्टेपचा जॉब दर धावेला दोन ओळी लिहितो, म्हणजे दर मिनिटाला चालणाऱ्या जॉबचा जेमतेम ५० मिनिटांचा इतिहास उरतो. असे दहा जॉब असले की रात्री एकदाच चालणाऱ्या जॉबच्या ओळी बाहेर ढकलल्या जातात. पानावर ‘नेहमी लागणारा वेळ’ छापायचा तर ओळी रोज वेगळ्या टेबलात उचलून ठेवाव्या लागतील. तेवढं अजून झालेलं नाही.

पुढच्या धावेची वेळ सिसजॉबशेड्यूल्समधून घेतली होती. ते टेबल २० मिनिटांनी ताजं होतं, म्हणून आता सिसजॉबॲक्टिव्हिटीतल्या शेवटच्या सेशनवरून (एजंट सुरू झाला की नवं सेशन लागतं) घेतो. ही वेळ आणि जॉब_आयडी मुख्य पानातून काढले. वेळ सतत बदलते आणि आयडी प्रत्येक सर्व्हरवर वेगळा असतो, त्यामुळे गिटमध्ये (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) काहीही न बदलता सगळी पानं बदललेली दिसत होती. पुढच्या धावा वेगळ्या फाइलमध्ये, पानं जॉबच्या नावाने लावलेली. आता फरक दिसला तर तो खरोखर कुणीतरी केलेला असतो.

पुढचा टप्पा: इतिहास उचलणारा जॉब. त्याचंही पान निघेल.